नगर नाक्याच्या पलीकडं

मुलीचा बायोडाटा तिसऱ्यांदा टाइप होऊन आला, तेव्हा पत्त्याची ओळ बदललेली होती. आधी होतं, 'बजाजनगर, वाळूज एमआयडीसी'. आता नुसतंच 'छत्रपती संभाजीनगर'. रास, नाडी, उंची, मामाचं गाव, सगळं जागच्या जागी. पत्ता तेवढा दहा-बारा किलोमीटर सरकला होता.

"हे कोणी केलं?" मी नवऱ्याला विचारलं. ते चष्मा पुसत बसले. आमच्या घरात चष्मा पुसणं म्हणजे कबुलीजबाब.

भांडायला मला तोंड नव्हतं. रात्री बसस्टँडवर उतरल्यावर मी स्वतः कित्येक वर्षं रिक्षावाल्याला 'वाळूज' म्हणत नाही. आधी म्हणते 'छावणी'. रिक्षा निघाली की 'नगर नाका'. नाका आला की 'जरा पुढं, एएस क्लबपर्यंत'. असं हप्त्याहप्त्यानं घर गाठते. पहिल्याच दमात वाळूज म्हटलं तर तो आधी घड्याळ बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि मग दुप्पट भाडं सांगतो. एकानं तर सरळ सांगितलं, "ताई, दुप्पट दिले तरी नको. तुम्ही घरी उतरताल, येताना मी एकटाच असतो."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. आणि बरोबर होतं असंही म्हणवेना. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

मी मूळची सेलूकडची, जिल्हा परभणी. २००१ साली लग्न झालं ते "मुलगा बजाजला आहे" या एका वाक्यावर. १९८५ मध्ये इथं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं मराठवाड्यातल्या लग्नाच्या बाजारात सरकारी नोकरीच्या खालोखाल हे वाक्य चालायचं. आता वाळूजच्या कुठल्याही शेडमध्ये नट-बोल्ट पाडणारा मुलगा स्थळ सांगताना बजाजलाच असायचा, ही गोष्ट वेगळी. आमचे हे एका व्हेंडरकडं लेथवर होते, हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. तक्रार नाही. माझ्याही बायोडाट्यात 'शिवणकाम येते' असं लिहिलेलं होतं.

पहिली खोली रांजणगावात. पूर्ण नाव रांजणगाव शेणपुंजी, पण शेणपुंजी म्हणायला लोक लाजतात. दहा बाय दहा, वर पत्रे, एका ओळीत अकरा खोल्या, ओळीच्या शेवटी दोन संडास आणि एक नळ. घरमालक, त्यांना सगळे आबा म्हणायचे, तिथलेच जुने शेतकरी. बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या काढल्या. दर दहा तारखेला ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं नुसते बघायचे. मागत नसत. ते बघणंच पुरेसं व्हायचं. एकदा मला म्हणाले, "पोरी, बापजाद्यानं ज्वारी घेतली, मी खोल्या घेतो. पाऊस पडो न पडो, खोली पिकतीच." मग सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाले, "दुष्काळात तर लई पिकती."

तेव्हा मला ते नुसतं चमत्कारिक बोलणं वाटलं. पुढं डोळ्यांनी पाहिलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आबांच्या एका खोलीत सहा-सहा पोरं राहत होती. कुणी गेवराईकडचं, कुणी मंठ्याचं, कुणी जिंतूरचं. गावाकडं विहिरी कोरड्या, आणि इथं जायकवाडीच्या पाण्यावर बिअरचे कारखाने चालू. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या उन्हाळ्यात मद्य कारखान्यांचं साठ टक्के पाणी कापायला सांगितलं, तेव्हा पेपरात रोज त्याच्यावर चर्चा. माझ्या ओट्यावर बसून जेवणारा एक पोरगा तो पेपर वाचत म्हणाला, "काकू, आमच्या गावचं पाणी इकडं आलं, म्हणून मीबी आलो. माझं पाणी मी हुडकत आलो."

ओट्यावर जेवणारा म्हणजे माझा गिऱ्हाईक. शिवणकाम येत नव्हतं, पण स्वयंपाक येत होता. ओळीतल्या तीन पोरांचे डबे सुरू केले, ते वाढत वाढत चाळीसपर्यंत गेले. दोन वेळच्या भाकरी किंवा पोळ्या, एक कोरडी भाजी, एक पातळ, भात. रविवारी अंडाकरी. शिफ्ट सकाळी सातची, दुपारी तीनची आणि रात्री अकराची. त्यामुळं माझी चूल पहाटे चारला पेटायची आणि विझायची कधी, ते मला सांगता येणार नाही. वाळूजचं नाव घेतलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यापुढं जी 'बाहेरून आलेली पोरं' उभी राहतात ना, ती सगळी वीस वर्षं माझ्या हातचं जेवली. म्हणून मला वाटतं, या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे.

आणि म्हणून आधी खरं सांगून टाकते. बदनामी उगाच झालेली नाही.

आमची मोटारसायकल ओळीसमोरून गेली, ती पुन्हा दिसली नाही. भरलेला सिलिंडर गेला. वाळत घातलेली नवी चादर गेली, तिचं तर मला सिलिंडरपेक्षा जास्त वाईट वाटलं. पगाराच्या आठवड्यात सर्व्हिस रोडला अंधारात पोरांना अडवून मोबाइल आणि पाकीट काढून घ्यायचे. एकाला तर इतकं मारलं की पंधरा दिवस मी त्याला नुसती खिचडी आणि वरण-भात दिला. काही रात्री अडीच-तीन वाजता असा वास यायचा की उशीत नाक खुपसून झोपायला लागायचं. नाल्याला कधी साबणासारखा फेस, कधी जांभळट रंग. जिकडंतिकडं देशीची दुकानं. यातलं एकही मी कमी करून सांगणार नाही. 'आमचं वाळूज किती छान' असं लिहिणारे काही जण असतात, त्यांचा मला रिक्षावाल्यापेक्षा जास्त राग येतो.

पण या चोऱ्यांचा मी पुष्कळ विचार केलाय. आमच्या गावात चोरी का होत नव्हती? माणसं फार सज्जन होती म्हणून? छे. चोराच्या आज्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक असायचं म्हणून. रांजणगावात तुमचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसतं. भाडेकरू वर्षभर राहतो, ठेकेदार बदलला की खोली बदलतो. शेजारच्या खोलीतला माणूस कोण, कुठला, हे त्याला पोलीस घेऊन गेल्यावर कळतं. लाज वाटायला ओळखीचं माणूस लागतं, ते इथं नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की माझ्या ओळीत एक घर सोडलेली बाई लहान मुलाला घेऊन नऊ वर्षं राहिली आणि तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही. आबांनीसुद्धा नाही. आडनाव विचारणारे मालक इथंही आहेत, नाही असं नाही. पण दहा तारखेला भाडं आलं की ते आडनाव विसरतात. गावात ते पिढ्यान् पिढ्या विसरत नाहीत.

माझी एक वही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. कुणाचे किती खाडे, कुणाकडून किती येणं, कुणाकडं किती डबे अडकले. चार पुडाचा स्टीलचा डबा काही स्वस्त नसतो. वीस वर्षांत सत्तावीस डबे बुडाले. परवा बसून हिशेब केला: सत्तावीसपैकी चोवीस आपल्याच जिल्ह्यांतल्या पोरांनी नेले, आणि त्यातले दोघे माझ्या नात्यातले. बिहारची पोरं गावाला जाताना डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवून जायची. आता यावरून बिहारी साधू आणि मराठवाड्याचे चोर असा निष्कर्ष काढायचा का? काढू नये. नातेवाइकांना आपण डबा मागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच वहीत तीन नावांवर आडवी रेघ आहे. पैसे बुडवले म्हणून नव्हे. तिघंही रस्त्यावर गेले. दोन कंटेनरखाली, एक ट्रकखाली. एक तर ओअॅसिस चौकात, हातात माझा डबा. नगर रोडनं जाता-येता शहरातल्या माणसाला चोराची भीती वाटते. मला अजूनही भीती वाटते ती वळणाऱ्या ट्रेलरची. चोरानं मारलेला माझ्या वहीत एकही नाही.

आता मला कळलेली गोष्ट सांगते. ती कळायला मला फार वेळ लागला.

शहरात मुकुंदवाडीत काही घडलं तर पेपर लिहितो मुकुंदवाडी. पदमपुऱ्यात घडलं तर पदमपुरा. पण जोगेश्वरीत चोरी झाली तरी वाळूज, घाणेगावात मारामारी झाली तरी वाळूज, कमळापूर असो, तिसगाव असो, वडगाव कोल्हाटी असो, बातमीत सगळं वाळूजच. डझनभर गावांची पापं एकाच सातबाऱ्यावर. मूळ वाळूज गाव बिचारं कडेला, खाम नदीच्या काठी. तिथला एक म्हातारा बसमध्ये मला वैतागून म्हणाला होता, "आमच्या गावानं कुणाचं काय घोडं मारलंय? कारखाने तुमच्याकडं, अन् नाव आमचं जायलंय." आणि ती खाम तरी त्याच्याकडं येताना सगळ्या शहराची घाण पोटात घेऊनच येते, हे शहरात कुणी बोलत नाही.

उलट चांगलं काही असलं की वाळूजचं नाव कसं गळतं बघा. पाटोदा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. भास्करराव पेरे पाटलांचं पाटोदा, जिथं कर भरला की दळण फुकट. महाराष्ट्रातून सहली येतात बघायला. पण पाटोदा वाळूजमध्ये आहे, असं म्हणताना तुम्ही कुणाला ऐकलंय? २०१० च्या ऑक्टोबरमध्ये १५० मर्सिडीज गाड्या एकदम शहरात आल्या, देशभर बातमी झाली, 'औरंगाबादकरांची श्रीमंती'. त्यातला बराचसा पैसा कारखानदारीचा, आणि कारखानदारी म्हटली की वाळूज आलंच. गाड्या मात्र औरंगाबादच्या नावावर.

आणि ९ ऑगस्ट २०१८ ला आरक्षणाच्या बंदमध्ये जमाव एमआयडीसीत घुसला, कंपन्यांच्या काचा फुटल्या, गाड्या जळाल्या, ते कुणाच्या नावावर? मी त्या दिवशी बत्तीस डबे भरून बसले होते. एकही गेला नाही. हे कंपनीत अडकलेले, फोन लागेना, आणि गल्लीतून पळत जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज. संध्याकाळी ते डबे मी ओळीतल्या सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत एक बाई म्हणाली, "वाळूजवाल्यांनी वाळूज जाळलं." ज्यांच्या पोटाची भाकरी त्या गेटाच्या आत होती, ते स्वतः गेट फोडतील का, हा प्रश्न तिला पडला नाही. खरं सांगायचं तर काहींनी फोडलंही असेल. जमावाला पोट नसतं.

२०२० ची मजा आणखी वेगळी. लॉकडाऊन उठल्यासारखा झाला तसे आम्ही पोरांना घेऊन सासरच्या गावी गेलो. गावच्या वेशीवर काट्या टाकलेल्या. चुलतदीर, ज्यांच्या मुलाला आम्ही वाळूजला आणून कामाला लावलं होतं, ते काट्यांच्या पलीकडून म्हणाले, "वाळूजचे आहेत, शाळेत ठेवा." चौदा दिवस जिल्हा परिषद शाळेच्या चौथीच्या वर्गात काढले. फळ्यावर 'माझे गाव' असा निबंधाचा विषय लिहिलेला होता, खडूनं, सुंदर अक्षरात. शहराला आम्ही खेड्यातून आलेले, खेड्याला शहरातून आलेले. धाकटा मुलगा रोज विचारायचा, "आई, आपण नक्की कुठले?"

मग ३१ डिसेंबर २०२३. लोक नव्या वर्षाच्या गडबडीत, आणि त्या दिवशी पहाटेच इथल्या हातमोज्यांच्या कारखान्यात आग लागून सहा कामगार गेले. आतच झोपलेले होते. दिवसा जिथं काम, रात्री तिथंच अंथरूण. मला माझ्या वहीतली पोरं आठवली, भाडं वाचवायला 'कंपनीतच झोपतो काकू' म्हणणारी, आणि मीसुद्धा त्यांना 'बरंय, पैसे वाचतात' म्हटलेलं. वाळूजला नावं ठेवायची तर यासाठी ठेवा ना. चादर चोरणाऱ्यासाठी काय ठेवता? पण ती आग दोन दिवस पेपरात राहिली आणि गेली. साखळीचोराची बातमी लोक वर्ष वर्ष एकमेकांना सांगतात.

आषाढीला मात्र सगळं उलटं होतं. आमच्या शेजारी पंढरपूर आहे, छोटं पंढरपूर म्हणतात त्याला. एकादशीच्या आदल्या रात्रीपासून सगळं शहर नगर नाक्यावरून चालत याच रस्त्यानं येतं. बायका, लेकरं, म्हातारी माणसं, रात्री दोन वाजता, तीन वाजता, गळ्यात मंगळसूत्रं घालून. त्या रात्री कुणाला वाळूजची भीती वाटत नाही. विठ्ठल एक दिवसाचा जामीन राहतो बहुतेक. मी दर वर्षी साबुदाण्याची खिचडी करून ओट्यावर बसते. एका वर्षी पत्रावळ हातात घेऊन एक काका म्हणाले, "इथून वाळूज किती लांब आहे हो?" मी म्हटलं, "अजून पुष्कळ लांब आहे."

बघा, खोटं बोलायची सवय अशी लागते.

तर बायोडाटा. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला या कशाचंच काही नाही. तिच्या ऑफिसात वाळूज म्हटलं काय आणि वैजापूर म्हटलं काय, सारखंच. बायोडाटा गेला, पत्ता 'छत्रपती संभाजीनगर' असा. सिडकोतल्या चांगल्या कॉलनीतलं स्थळ आलं. यायचा दिवस ठरला, मुलाच्या वडिलांनी फोनवर लोकेशन मागितलं. यांनी पाठवलं. फोन चालूच होता, आणि पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे... तिकडं होय."

आले. गाडी गेटच्या आत घ्यायला लावली, बाहेर ठेवली नाही. बाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. पोहे आवडीनं खाल्ले. पण खिडकीतून सारखं बघत होत्या, कोण जातं, कोण येतं. सेकंड शिफ्टला जाणारी पोरं पाठीवर बॅगा टाकून निघालेली, त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "गर्दी असते नाही हो इथं?" मी म्हटलं, "हो, दिवसातून तीनदा."

मग त्या हात धुवायला मोरीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी नवऱ्याला हाक मारली. मला वाटलं पाय घसरला. जाऊन बघते तर दोघं नळाकडं बघत उभे. नळ चालू. धार करंगळीएवढी नव्हे, मनगटाएवढी.

"तुमच्याकडं पाणी कधी येतं?" त्यांनी विचारलं.

"दिवसाआड."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांच्याकडं आठव्या दिवशी येतं, कधी नवव्या. आलं तर पहाटे, नाहीतर रात्री. परवा पाइपलाइन फुटली म्हणून तेही आलं नव्हतं. टँकरवाल्याचे नखरे सांगितले, सोसायटीतली भांडणं सांगितली. तासाभरात पहिल्यांदाच त्या मोकळेपणी बोलत होत्या, आणि मलाही त्या पहिल्यांदाच आवडल्या. निघताना मुलाचे वडील संकोचत म्हणाले, "गैरसमज नसावा, पण पिण्याचं थोडं मिळालं असतं तर..."

मी आमचे दोन्ही वीस-वीस लिटरचे कॅन भरून दिले. यांनी डिकीत नीट बसवून दिले. "गुरुवारी ड्रायव्हरकडून पाठवतो," ते म्हणाले.

चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं काही नाही, मानपान तुमच्या इच्छेनं. फक्त एकच विनंती आहे म्हणाले, लग्नपत्रिकेत पत्ता घालताना तेवढं वाळूज नको, नुसतं छत्रपती संभाजीनगर घालावं, पाहुणे विचारतात.

मी म्हटलं, विचारून कळवते. फोन ठेवला आणि फडताळातून लाल पुठ्ठ्याची वही काढली. गुरुवार येऊन गेला होता. सत्ताविसाव्या डब्याच्या खाली लिहिलं: कॅन दोन, सिडको.